गुड फ्रायडेचा खोकला

कॅनडात, मिसिसॉगाच्या चर्चमध्ये आमचा मराठी मिस्सा महिन्यातून एकदा असतो, तिसऱ्या रविवारी, इंग्रजी मिस्सा आटोपल्यावर. मिस्सा संपला की खाली बेसमेंटमध्ये चहा, आणि चहाबरोबर औषधांची देवाणघेवाण. हे कुणी ठरवून सुरू केलेलं नाही. वसईहून जो कोणी परत येतो त्याच्या बॅगेत सुके बोंबील असतात, मसाल्याची बाटली असते आणि गावच्या केमिस्टकडून बांधून आणलेली औषधांची पिशवी असते. इथला डॉक्टर सर्दी-खोकल्याला काही देत नाही, पाणी प्या म्हणतो आणि घरी पाठवतो, ही आम्हा सगळ्यांची कायमची तक्रार. मग कुणाच्या नातवाला, कुणाच्या सासऱ्याला, कुणाच्या गुडघ्याला, ज्याला जे हवं ते त्या पिशवीतून निघतं आणि टिश्यूत गुंडाळून घरी जातं.

ही पिशवी माझ्याकडे असायची, कारण मी 'नर्सबाई'. खरं सांगायचं तर मी नर्स नव्हे. एकवीस वर्षं मी एका नर्सिंग होममध्ये पीएसडब्ल्यू होते, म्हणजे म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, डायपर बदलायचे. औषधांची ट्रॉली नर्स ढकलायची, मी तिच्या मागून पाण्याचे पेले घेऊन जायचे. पण बेसमेंटमध्ये कुणी "नर्सबाई, जरा बघा हो" म्हणालं की "अहो, मी नर्स नाही" असं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. गोड वाटायचं ते. हेकट आणि उतावीळ मी पहिल्यापासूनच, त्यात हा मान मिळाला, मग काय विचारता. दिवसातून किती घ्यायची, जेवणाआधी की नंतर, सगळं मी बिनदिक्कत सांगायचे. त्यातून कुणाचं काही बिघडलं नाही, किंवा बिघडलं असेल तर मला कुणी सांगितलं नाही.

माझा नवरा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. आम्लाच्या टाक्यांच्या वाफेत उभं राहून त्याने पंचवीस वर्षं काढली, आणि तरुणपणी ओढलेल्या सिगरेटी त्या वेगळ्या. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या छातीच्या दुखण्याला सीओपीडी असं नाव मिळालं होतं. जिना चढला की बोलता यायचं नाही. पण गायला उभा राहिला की कुठून श्वास आणायचा देव जाणे. आमच्यात त्याच्या तोडीचा आवाज औषधालासुद्धा सापडायचा नाही. गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचं वाचन असतं, त्यातला निवेदकाचा भाग गाऊन म्हणायचा असतो, आणि तो अठरा वर्षं त्याचाच होता. बाकी आयुष्यात त्याने कशाचा हट्ट धरला नाही. मी करीन ते जेवला, मी म्हणेन तिथे राहिला. हा एक भाग मात्र तो कुणाला देत नसे.

छातीच्या क्लिनिकमध्ये एक तरुण थेरपिस्ट होती. तिने त्याला खोकायला शिकवलं. हसू नका, खोकणंही शिकावं लागतं. ताठ बसायचं, नाकाने श्वास घ्यायचा, थोडा धरायचा, आणि चष्मा पुसण्याआधी काचेवर वाफ सोडतो तसा तोंड उघडून जोराने सोडायचा. असं दोन-तीनदा केलं की कफ वर सरकतो, मग एक खोकला पुरतो. ती म्हणाली होती की ह्या छातीत सफाई करणारा खोकला हा एकच नोकर आहे, त्याला सुट्टी द्यायची नाही. मी शेजारी बसून मान हलवत होते. हे आपल्याला आधीपासूनच ठाऊक आहे असा भाव माझ्या तोंडावर होता, आणि खरंच ते मला ठाऊक होतं.

त्या वर्षी लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, त्याला सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. कफ पांढरा, पण सरसासारखा चिकट. खोकून खोकून तोंड लाल व्हायचं आणि हाती काही लागायचं नाही. वॉक-इन क्लिनिकच्या डॉक्टरने छाती तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला आणि म्हणाला की व्हायरल आहे, पंप नेमाने घ्या, पाणी भरपूर प्या, ताप आला, धाप वाढली किंवा कफाचा रंग बदलला तर लगेच या. गाडीत बसल्याबरोबर मी सुरू झाले.

"पाणी प्या! दोन तास वेट करून पाणी प्या. हे तर आमची मांजरसुद्धा सांगेल."

"अगं, कलर चेंज झाला तर या म्हणालाय ना तो," नवरा म्हणाला.

"तोवर काय करायचं? कलर बघत बसायचं?"

घरी येऊन मी पिशवीतून कफ पातळ करायच्या गोळ्या काढल्या. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी, वरून संत्र्याचा वास आणि खालून नासक्या अंड्याचा. नाक मुरडत तो प्यायला. आणि गुण आला. तिसऱ्या दिवशी कफ पातळ होऊन सुटायला लागला. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसून तो वाफ सोडायचा, खोकायचा, टिश्यूत कफ काढायचा आणि मोकळा व्हायचा. मी ग्लासांवर ग्लास गरम पाणी देत होते आणि मनातल्या मनात त्या डॉक्टरला टोमणे मारत होते. इथपर्यंत त्याचं भलंच होत होतं. मी फार्मसीत जाऊन विचारायला हवं होतं, त्याच्या पोटात पूर्वी अल्सर झाला होता हे सांगायला हवं होतं, आणि गोळ्यांच्या डब्यातला मुंगीच्या अक्षरांचा कागद निदान उलगडायला हवा होता. मी यातलं काहीच केलं नाही. लोकांना डोस सांगणारी बाई कागद कशाला वाचेल?

पण औषध लागू पडलं म्हणून खोकला कमी झाला नाही, वाढला. कफ सुटला की तो बाहेर यायलाच हवा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, तो अख्खा मिस्साभर खोकत होता. कोविडपासून देवळात कुणी दोनदा खोकलं की माना वळतात. पुढच्या बाकावरचं एक कुटुंब उठून पलीकडे जाऊन बसलं. बुधवारी प्रॅक्टिस होती. त्याला निवेदकाच्या दोन ओळीसुद्धा सलग गाता येईनात. गायकवृंद सांभाळणाऱ्या बाई मायेने म्हणाल्या, "अंकल, धिस इयर दुसऱ्या कुणाला देऊया का? तुम्ही रेस्ट करा." तो बरं म्हणाला. घरी आला आणि जॅकेट न काढता सोफ्यावर बसून राहिला. चहा ठेवला तो तसाच गार झाला. मला त्याची फार कीव आली, आणि कीव आली की मला राग येतो.

"त्या बाईंना फोन करा आणि सांगा की मीच गाणार," मी म्हटलं.

"आणि खोकला?"

"खोकल्याचं मी बघते."

पिशवीत कोरड्या खोकल्याचं लाल सिरप होतं. खोकल्याची उबळच दाबून टाकणारं, वर गुंगी आणणारं. छातीत कफ असताना ते द्यायचं नसतं. एका बाजूने कफ सोडवायचा आणि दुसऱ्या बाजूने खोकला बंद करायचा म्हणजे तो सगळा आतच साचणार. नर्सिंग होममध्ये एका म्हातारीच्या मुलाने असं सिरप आणून दिलं होतं, तेव्हा आमच्या नर्सने त्याला माझ्यासमोर झाडला होता. ओला खोकला आहे, हा दाबायचा नाही, म्हणून. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी कुणापुढेही म्हणू शकत नाही. मी स्वतःला एवढंच समजावलं की दोन तासांचा तर प्रश्न आहे, दोन तासांत काय आभाळ कोसळतंय.

गुड फ्रायडेला सकाळी त्याने फसफसती गोळी घेतली आणि दुपारी मी त्याला दोन चमचे लाल सिरप पाजलं. त्या दिवशी देवळात घंटा वाजत नाही, बाजा वाजत नाही, सगळं मुकं असतं. त्या शांततेत तो उभा राहिला आणि गायला. आवाज जरा जड होता, पण तुटला नाही. येशूने प्राण सोडला हे वाक्य आलं की सगळे गुडघे टेकतात, तिथे तर लहान पोरंही चिडीचूप झाली. एकदाही तो खोकला नाही. बाहेर पार्किंगमध्ये लोक त्याचा हात हातात घेत होते. एक जण मला म्हणाला, "नर्सबाई, मिरॅकल केलंत." मी हसले. गाडीत नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू नसतीस तर ह्या वर्षी माझं गाणं गेलंच होतं." त्याच्या तोंडून माझं कौतुक वर्षाकाठी एखादं यायचं, त्यातलं हे एक.

दोन तास संपले होते. मी तिथेच थांबायला हवं होतं.

मी थांबले नाही, कारण घरात शांतता झाली होती. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते हेच आहे. तीन आठवडे त्या खोकल्याने मला धड झोप नव्हती, माझं डोकं सतत ठणकत होतं, आणि ईस्टरला लेक जेवायला येणार होती. त्याला बरं वाटावं म्हणून मी देतेय असं मी म्हणत होते आणि देत होते मात्र मला बरं वाटावं म्हणून. शनिवारी तीनदा सिरप दिलं, रविवारीही दिलं. जोडीला कफाची गोळी चालूच, उलट रविवारी एकाच्या दोन केल्या. त्याच्या छातीतून भात शिजताना येतो तसा बुडबुड आवाज येत होता. तो मी ऐकला, आणि गोळी आपलं काम करतेय असं म्हणून मसाला वाटायला गेले.

लेक टोरोंटोत बँकेत आहे. ती आली, डॅडच्या शेजारी बसली. तो मटणाचा रस्सा समोर ठेवून पेंगत होता.

"ही'ज सो क्वाएट टुडे," ती म्हणाली. "इज ही ओके?"

"थकलाय गं. शुक्रवारी केवढं गायला. झोपू दे."

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी चहा घेऊन गेले तर तो उठेना. हलवलं तर डोळे अर्धे उघडायचे आणि मिटायचे. ओठ जांभळे झाले होते, नखंही. मी नाइन-वन-वन केलं. अँब्युलन्सवाल्यांनी तोंडावर मास्क बांधला आणि त्यातल्या एकाने विचारलं की हा असा किती वेळ आहे. मला सांगता आलं नाही, कारण शांत झोपलाय म्हणून मी पहाटेपासून आत गेलेच नव्हते.

इमर्जन्सीतली डॉक्टर वयाने माझ्या लेकीएवढी असेल. लेक तोवर धावत येऊन पोहोचली होती आणि माझ्या दंडाला धरून उभी होती. डॉक्टरने औषधांची यादी विचारली. मी पंपांची नावं सांगितली, रक्तदाबाची गोळी सांगितली.

"एनीथिंग एल्स? खोकल्याचं काही, झोपेचं काही?"

"नो," मी म्हटलं. "नथिंग."

का म्हटलं? विचारलं त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. कस्टमवाले आले, त्या नर्सिंग होमची नर्स आली, बेसमेंटमधले लोक आले, लेकीचा चेहरा आला. नवरा आला नाही. माझी अब्रू वाचवायला मी त्याला खोट्याच्या हवाली केलं. माणूस एवढा गुंगीत का आहे हे त्यांना कळेना, म्हणून त्याला डोक्याच्या स्कॅनला नेलं. स्ट्रोक आहे का ते शोधत बसले. त्यात वेळ गेला. दुपारी त्याच्या घशात नळी घालून मशिनवर ठेवलं. छातीच्या फोटोत उजवी बाजू खालपर्यंत पांढरी होती. कफ साचून न्यूमोनिया झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूत हॉस्पिटलची फार्मासिस्ट आली. पंजाबी होती, पन्नाशीची. लेक तेव्हा कॉफी आणायला गेली होती. बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि हिंदीत म्हणाली, "आंटीजी, इंडिया से लाया हुआ कुछ दिया था? हम सब लाते हैं. मेरी मम्मी भी लाती है. कोई डांटेगा नहीं, लेकिन मुझे मालूम होना चाहिए." माझ्या तोंडाचं कुलूप तिथे उघडलं. मी सगळं सांगितलं, दिवसाप्रमाणे, चमच्याप्रमाणे. तिने लिहून घेतलं. ती रागावली नाही. कफ पातळ करणारं औषध चालू असताना खोकला दाबणारं कधी द्यायचं नाही, तेही अशा छातीला, एवढंच ती म्हणाली. अल्सरचं तिनेच विचारून घेतलं आणि पोटासाठी औषध सुरू करायला डॉक्टरकडे गेली. निघताना तिने विचारलं, "आपको किसी ने बताया नहीं था?" मी मान खाली घातली. तिला वाटलं असणार की म्हातारी बिचारी अडाणी आहे.

त्या दिवशी घरी जाऊन मी गोळ्यांच्या डब्यातला कागद उलगडला. भिंग घेऊन वाचला. ते वाक्य तिथे छापलेलं होतं. खोकला दाबणाऱ्या औषधाबरोबर घेऊ नये, कफ साचण्याचा धोका. जेमतेम दीड ओळ. पिशवीतलं सगळं मी एका खोक्यात भरलं आणि जवळच्या फार्मसीत परत घेतात तिथे देऊन आले.

सहाव्या दिवशी नळी काढली. आवाज घोगरा, कानाशी गेल्याशिवाय ऐकू न येणारा. त्याने पहिल्यांदा पाणी मागितलं, मग लेकीला हाक मारली, मग मला म्हणाला, "शुक्रवारचं गाणं चांगलं झालं ना गं?" तेव्हा मला राहवलं नाही. लेक पायाशी उभी होती. मी दोघांनाही सांगितलं. सिरपचं सांगितलं, रविवारच्या दोन गोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरशी खोटं बोलले तेही.

लेक म्हणाली, "मम्मी, यू न्यू?" आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?" त्यानेही तेच विचारलं.

"होतं."

शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. पण चाळीस वर्षांत त्याने मला कधी शिवी दिली नव्हती, ती तेव्हा कुठून देणार. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझा हात ओढून आपल्या पांघरुणावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. माफ केलं की नुसता आधार घेतला हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं नाही, मला भीती वाटली.

त्याच्या अंगात ताकद उरली नव्हती. छाती परत भरायला लागली. परत नळी घालायची का असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने मान हलवून नाही म्हटलं, दोनदा विचारलं तर दोनदा नाही म्हटलं. आता त्याचा त्यालाच कफ काढता यायला हवा होता, दुसरा मार्ग नव्हता. सकाळी दहाला फिजिओ आली. तिने त्याला ताठ बसवलं, पाठीमागे उशा लावल्या आणि तेच सांगितलं, श्वास घ्या, धरा, तोंड उघडून सोडा. त्याने ओठ उघडले. काचेवर वाफ धरेल एवढासुद्धा श्वास आला नाही. तिने तासाभराने परत येते म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर मी पलंगावर त्याच्या मागे चढून बसले, त्याला माझ्या अंगाशी धरून ताठ केलं आणि पाठीवर तळहाताची ओंजळ करून थापटायला लागले. नर्सिंग होममध्ये शेकडो म्हाताऱ्यांना थापटलं होतं. लेक खिडकीपाशी होती ती येऊन पुढे बसली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. त्याच्या छातीतला तो बुडबुड आवाज आता माझ्या छातीला लागत होता.

"अहो, खोका," मी म्हटलं. "एकदा खोका. जोरात खोका, कोणी काही म्हणत नाही."

त्याने प्रयत्न केला. खांदे हलले, मानेच्या शिरा वर आल्या, पण घशाशी येऊन सगळं परत खाली गेलं.

"डॅड, कफ. प्लीज कफ," लेक म्हणत होती.

"अजून एकदा. खोका ना हो."

दुपारी त्याच्या छातीतला तो आवाज थांबला, आणि नर्सने माझा हात धरून त्याच्या पाठीवरून खाली घेतला, तेव्हाही मी त्याला खोका म्हणून सांगतच होते.